डोंगराच्या पोटातला समुद्र : धन्यवादित निकोलस स्टेनो



दर वर्षी ५ डिसेंबरला, म्हणजे आगमनकाळाच्या सुमारास, ख्रिस्तसभा एका अशा बिशपांचे स्मरण करते ज्यांचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या मुलांना मात्र ते नाव पहिल्याच वर्षी भेटते. ते बिशप होते हे त्या मुलांना ठाऊक नसते, आणि ते शास्त्रज्ञ होते हे आपल्याला ठाऊक नसते! आम्हालाही त्यांची ओळख झाली ती आडवाटेनेच. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना देकार्त यांच्या मेंदूविषयीच्या कल्पना खोडून काढणारा एक डॅनिश डॉक्टर म्हणून ते आमच्या वाचनात आले. त्यांचे खडकांवरचे काम आम्ही बऱ्याच नंतर वाचले.

निल्स स्टेन्सन यांचा जन्म जानेवारी १६३८ मध्ये कोपनहेगन येथे झाला. लॅटिनमध्ये लिहिताना ते निकोलस स्टेनो झाले आणि जगाने तेच नाव धरून ठेवले. वडील सोनार होते, राजे चौथे ख्रिस्तियान यांच्यासाठीही ते काम करीत. घर लुथरन पंथाचे आणि धार्मिक. तिसऱ्या वर्षी निल्सला कसलासा आजार जडला आणि पुढची तीन वर्षे तो घरातच राहिला. सोबतीला खेळगडी नव्हते, मोठ्या माणसांचे बोलणे तेवढे कानावर पडत असे. आजारातून उठतो न उठतो तोच वडील वारले. पुढे १६५४-५५ मध्ये शहरात प्लेग आला आणि त्याच्या शाळेतली दोनशेहून अधिक मुले दगावली. १६५६ मध्ये तो वैद्यकीच्या अभ्यासासाठी विद्यापीठात गेला, तर दोन वर्षांत स्वीडनच्या सैन्याने शहराला वेढा दिला. अशा दिवसांत या मुलाने अभ्यास केला.

१६६० साली ते हॉलंडला गेले. अ‍ॅमस्टरडॅममध्ये मेंढीचे एक डोके चिरत असताना त्यांना कानाजवळच्या ग्रंथीपासून तोंडात लाळ आणणारी नळी सापडली. ज्यांच्या घरी ते राहत होते त्या प्राध्यापक ब्लासियस यांनी हा शोध आपलाच असल्याचे सांगितले आणि मोठा वाद झाला. आज डॉक्टर मंडळी त्या नळीला स्टेनोचीच नळी म्हणतात. नंतर लायडनला असताना त्यांनी बैलाचे हृदय तपासून दाखवून दिले की हृदय हा एक स्नायू आहे. तोवर हृदय म्हणजे शरीरातील उष्णतेची भट्टी, प्राणाचे आसन, असे विद्वानही मानत. १६६५ मध्ये पॅरिसला त्यांनी मेंदूवर व्याख्यान दिले. देकार्त यांनी आत्म्याच्या कार्यासाठी मेंदूतल्या ज्या ग्रंथीची योजना केली होती, ती त्यांनी वर्णिल्याप्रमाणे हलूच शकत नाही, हे स्टेनो यांनी सुरीने चिरून दाखवले. मेंदूविषयी आपल्याला जवळपास काहीच कळत नाही, हेही त्यांनी तिथेच कबूल केले. आधी हातात घेऊन पाहायचे आणि मगच बोलायचे, ही त्यांची सवय पुढे डोंगरांवर कामी आली.

१६६६ मध्ये ते इटलीतील तोस्काना प्रांतात, फ्लॉरेन्सला आले. ग्रँड ड्यूक दुसरे फेर्दिनांदो द मेदिची यांनी त्यांना आश्रय दिला. गॅलिलिओ यांना जाऊन चोवीस वर्षे झाली होती, पण त्यांचे शिष्य विव्यानी अजून त्या शहरात होते. त्यांची आणि स्टेनो यांची गट्टी जमली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लिव्होर्नोजवळ कोळ्यांनी एक प्रचंड शार्क पकडला. ग्रँड ड्यूकच्या हुकमावरून त्याचे डोके फ्लॉरेन्सला स्टेनो यांच्याकडे पाठवण्यात आले.

स्टेनो यांनी ते डोके चिरले आणि त्यांचे लक्ष दातांवर खिळले. अगदी असेच त्रिकोणी, करवतीच्या कडांचे दगड माल्टा बेटावर आणि इतरत्र खडकांतून निघत. लोक त्यांना जिभेचे दगड म्हणत. माल्टाशी आपल्या संत पौलाचा संबंध आहे हे तुम्हाला आठवत असेल. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात, जहाज फुटल्यावर पौल त्या बेटावर पोहोचतो आणि त्याच्या हाताला साप डसतो, पण त्याला काही होत नाही. यावरून लोकांनी अशी कथा रचली की संत पौलाने तिथल्या सापांना शाप दिला आणि त्यांच्या जिभांचे दगड झाले. विषावर उतारा म्हणून हे दगड विकले जात, द्राक्षारसात बुडवले जात. काही विद्वान म्हणत, हे दगड आकाशातून पडतात. इतर म्हणत, खडकाच्या अंगच्याच शक्तीने ते खडकात उगवतात.

हे शार्कचे दात आहेत, असे स्टेनो यांच्या आधीही काही जणांनी म्हटले होते. इटलीचे फाबियो कोलोन्ना यांनी तर अर्धशतकापूर्वीच तसे लिहिले होते. स्टेनो यांचे वेगळेपण पुढच्या प्रश्नात आहे. दात आहेत तर ते खडकाच्या आत गेले कसे? त्यांनी विचार केला तो असा. एखादी वस्तू कठीण दगडात वाढू लागली तर दगडाला तडे जातील, नाहीतर ती वस्तू तरी वेडीवाकडी होईल. भिंतीच्या भेगेत वाढणारे पिंपळाचे मूळ आपण पाहतोच. त्याला भेगेचा आकार घ्यावा लागतो. हे दात मात्र सगळीकडे सारखे, नीटनेटके. म्हणजे दात आधी कठीण होते आणि भोवतालचा खडक तेव्हा मऊ होता. मऊ म्हणजे काय? गाळ. पाण्याखालचा गाळ. आणि दात शार्कचे, म्हणजे ते पाणी समुद्राचे! १६६७ मध्ये त्यांनी हे छापले तेव्हा आपण केवळ तर्क मांडत आहोत असे त्यांनी नम्रपणे म्हटले. पण मनात विचार पक्का होत चालला होता.

मग दोन वर्षे ते तोस्कानाच्या टेकड्या, खाणी आणि नद्यांची पात्रे पालथी घालत हिंडले. व्होल्तेरा हे टेकडीवरचे जुने शहर, समुद्रापासून बरेच आत आणि उंचावर. रोम वसले तेव्हाच ते भरभराटीला आले होते. त्याच्या प्राचीन तटाच्या दगडांत स्टेनो यांना समुद्रातले शिंपले दिसले. तट बांधण्याआधी दगड होता, दगडाआधी शिंपले होते, आणि शिंपल्यांसोबत समुद्र होता. हे सारे तीन हजार वर्षांहून जुने असले पाहिजे, असा त्यांचा हिशेब निघाला.

१६६९ मध्ये फ्लॉरेन्सला त्यांचे छोटे पुस्तक निघाले. त्याचे लांबलचक नाव मराठीत सांगायचे तर घन वस्तूच्या आत निसर्गतः सापडणाऱ्या घन वस्तूविषयीच्या प्रबंधाची प्रस्तावना. प्रस्तावनाच! मोठा प्रबंध पुढे यायचा होता.

त्या पुस्तकात काय आहे? पाण्यातून खाली बसणारा गाळ आडवा पसरतो. म्हणून थर आज तिरका किंवा उभा दिसला तर तो नंतर कशानेतरी हलवला गेला आहे. खालचा थर बसत होता तेव्हा वरचा अस्तित्वातच नव्हता, म्हणून खालचा थर जुना. थर चहूकडे पसरत जातो, मध्ये काही आडवे आले तरच थांबतो. म्हणून दरीच्या दोन्ही बाजूंना तेच थर दिसले तर ते एकेकाळी जोडलेले होते. वाचताना वाटेल, यात विशेष ते काय? आमच्या मते शहाणपण त्यातच आहे. घरातल्या माठाच्या तळाशी बसणारा गाळ सर्वांनी पाहिला होता, पण तो नियम डोंगराला लावण्याचे धाडस कोणी केले नव्हते. कारण डोंगर हे देवाने सृष्टीच्या आरंभी जसे उभे केले तसेच आहेत, अशी समजूत होती.

पण आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यांचा पुढचा विचार. थर कसा झाला एवढेच पाहून ते थांबले नाहीत. थर झाला तेव्हा ती जागा कशी होती, हे त्याच थराकडून वदवून घेता येते असे त्यांनी दाखवले. थरात समुद्री शिंपले, मिठाच्या खुणा, गलबताच्या फळ्या सापडल्या तर तिथे समुद्र होता, किंवा समुद्राचे पाणी तिथवर आले होते. लव्हाळे, गवत, झाडांचे बुंधे, सूचिपर्णी वृक्षांची फळे मिळाली तर तो नदीच्या पुराने किंवा ओढ्याच्या लोंढ्याने आणलेला गाळ. कोळसा, राख, भाजलेले दगड असतील तर जवळपास आगीचा डोंगर पेटला होता. आज उंच डोंगरावर उभे राहून, इथे किनारा होता, इथे नदीचे मुख होते, इथे खोल समुद्र होता, असे भूवैज्ञानिक सांगतात त्याची सुरुवात इथे झाली.

या रीतीने त्यांनी तोस्कानाचा सहा टप्प्यांचा इतिहास मांडला, सहा लहान आकृत्या काढून. ही भूमी दोनदा पाण्याखाली होती, दोनदा सपाट व कोरडी होती आणि दोनदा उंचसखल झाली. थर तिरके का झाले, याचे उत्तर त्यांनी दिले ते असे की जमिनीखाली पोकळ्या तयार झाल्या आणि वरचे थर त्यांत कोसळले. आज ते उत्तर कोणी मानत नाही. आपेनाइन पर्वत दाबामुळे, म्हणजे भूखंडांचे तुकडे एकमेकांवर रेटले गेल्यामुळे उभे राहिले हे आता माहीत आहे. आरेत्सोच्या मैदानात सापडणारी प्रचंड हाडे हॅनिबलच्या सैन्यातील जनावरांची आहेत, असेही त्यांनी ठरवले होते. ती खरे तर त्याहून लाखो वर्षे जुन्या हत्तीच्या जातीच्या प्राण्यांची आहेत.

आणि जलप्रलय? हा प्रश्न आम्हाला वरचेवर विचारला जातो, विशेषतः कोणीतरी पत्रक हातात ठेवून जाते तेव्हा. डोंगरावरचे शिंपले म्हणजे नोहाच्या काळचा पुरावा, असे त्यात छापलेले असते. स्टेनो यांनीही दुसऱ्या वेळच्या समुद्राची सांगड जलप्रलयाशी घातली, हे खरे आहे. पण ती कशी घातली ते पाहा. प्रत्येक टप्प्यावर ते वेगवेगळे सांगतात, निसर्ग काय सांगतो आणि पवित्र शास्त्र काय सांगते. कुठे निसर्ग गप्प आहे, कुठे शास्त्र गप्प आहे, आणि कुठे दोन्ही गप्प आहेत, हेही ते लपवत नाहीत. त्यांच्या काळी जगाचे वय सहा हजार वर्षांच्या आतबाहेर धरत. व्होल्तेराच्या परिसरातले ते शिंपल्यांचे थर ३० ते ५० लाख वर्षांपूर्वीचे आहेत, हे त्यांना कळण्याचा मार्गच नव्हता. आपल्याला तो मार्ग मिळाला आहे. म्हणून स्टेनो यांचे नाव घेऊन त्या पत्रकाची भलामण करणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. उत्पत्तीचे पुस्तक देवाविषयी आणि माणसाविषयी सांगते. त्याच्याकडून खडकांचे वय काढून घेऊ नये.

त्यांचा नियम पुढे किती ताणला गेला ते सांगण्याजोगे आहे. खालचा थर जुना, हे ठीक. पण पर्वत घडताना थर घडी घातलेल्या चादरीसारखे दुमडतात आणि कित्येकदा पार उलटे होतात. मग खालचे वर जाते. अशा जागी वरची बाजू ओळखायची कशी? इथे खडकातल्या बारीक खुणा साक्ष देतात. ओहोटीनंतर आपल्या किनाऱ्यावर वाळूत ज्या वळ्या उमटतात, तशाच वळ्या दगडातही टिकून राहतात. लाटांनी केलेल्या अशा वळ्यांचे टोकदार कंगोरे वरच्या बाजूला असतात. गढूळ पाण्याचा लोंढा शांत झाला की जाड वाळू आधी बसते, बारीक नंतर; म्हणून एकाच थरात खाली जाड आणि वर बारीक कण असतात. लोंढा चिखलावरून घासत गेला तर खळगे पडतात, त्यांत वाळू भरते आणि दगड झाल्यावर थराच्या तळाशी त्यांचे फुगवटे दिसतात. प्रवाह कुठून कुठे वाहत होता, तेही त्यांवरून कळते. (आपल्या सह्याद्रीतले थर पाहून कोणी शिंपले शोधू नयेत, ते जवळजवळ सगळे लाव्हाचे आहेत. खालचा आधीचा, हा नियम मात्र तिथेही चालतो.)

आपेनाइन पर्वतातल्या राखाडी वालुकाश्माचे कोडे फार दिवस सुटले नव्हते. वाळू म्हटली की उथळ पाणी, असे सगळे धरून चालत, आणि या दगडाच्या मधल्या मातकट थरांतल्या खुणा मात्र खोल समुद्राच्या. १९५० साली डच शास्त्रज्ञ क्यूनेन आणि इटालियन भूवैज्ञानिक मिल्योरिनी यांनी मिळून उत्तर दिले. समुद्राच्या उतारावरून गाळाने जड झालेले लोंढे घसरत खोल तळापर्यंत वाळू नेतात, आणि जाडाकडून बारीककडे जाणारे ते थर त्यांचेच. म्हणजे ज्या डोंगरांत स्टेनो हिंडले, ते दोन-तीन कोटी वर्षांपूर्वी खोल, अंधाऱ्या समुद्राचा तळ होते.

स्टेनो यांना हे कळले असते तर काय वाटले असते? पण तोवर त्यांनी खडक सोडले होते. का सोडले, याचे सरळ उत्तर आमच्याकडे नाही.

१६६६ मध्ये लिव्होर्नोला त्यांनी ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक पाहिली आणि त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला. ही एक तर निव्वळ भाकर आहे आणि हे लोक वेडे आहेत, किंवा हे खरेच ख्रिस्ताचे शरीर आहे आणि मग मी बाहेर का? फ्लॉरेन्सच्या एका मठातील औषधालय सांभाळणाऱ्या सिस्टर मारिया फ्लाविया आणि लाविनिया आर्नोल्फिनी नावाच्या एका विवाहित स्त्रीशी त्यांची दीर्घ चर्चा झाली. जुने ग्रंथ त्यांनी मुळातून तपासले. १६६७ मध्ये सर्व मृतात्म्यांच्या दिवशी त्यांचा निश्चय झाला आणि ते कॅथोलिक झाले. लक्षात घ्या, खडकांवरचे ते पुस्तक यानंतर दोन वर्षांनी आले. श्रद्धेने त्यांचे संशोधन थांबवले, असे म्हणणाऱ्यांनी ही तारीख पाहावी.

१६७२ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्यांना बोलावून घेतले, पण कॅथोलिक असल्याने विद्यापीठात प्राध्यापकपद मिळणे शक्य नव्हते. दोन वर्षांत ते फ्लॉरेन्सला परतले आणि १६७५ मध्ये त्यांनी गुरुदीक्षा घेतली. १६७७ मध्ये पोप अकरावे इनोसंट यांनी त्यांना उत्तरेकडील देशांसाठी बिशप नेमले. संत ग्रेगोरियो बार्बारिगो यांनी त्यांना बिशपपदाची दीक्षा दिली. मोठा प्रबंध लिहिला गेलाच नाही. हानोव्हरला त्यांना भेटलेले तत्त्वज्ञ लायब्निझ यांनी याची खंत बोलून दाखवली आहे. थोर शास्त्रज्ञाचा सामान्य ईशज्ञानी झाला, असा त्यांचा सूर होता. आम्हालाही वाटते की ख्रिस्तसभेने या माणसाला थोडी सवड द्यायला हवी होती. पण गावोगावच्या विखुरलेल्या, धर्मगुरू नसलेल्या कुटुंबांना ते नको होते का? तीही माणसेच होती.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर हे चरित्र खोटे होईल. हॉलंडमध्ये असताना तत्त्वज्ञ स्पिनोझा त्यांचे मित्र होते. १६७७ मध्ये स्पिनोझा वारल्यावर त्यांच्या अप्रकाशित नीतिशास्त्राची हस्तलिखित प्रत स्टेनो यांच्या हाती आली आणि त्यांनी ती रोमच्या धर्मचौकशी मंडळाकडे तक्रारीसह सुपूर्द केली. पुढे स्पिनोझा यांचे ते लेखन निषिद्ध ठरले. गंमत अशी की ती प्रत व्हॅटिकनमध्ये जपली गेली, २०१० मध्ये अभ्यासकांना सापडली, आणि त्या ग्रंथाची आज उरलेली हस्तलिखित प्रत तीच आहे. मित्राच्या आत्म्याची त्यांना काळजी होती, हे मान्य. तरी आम्हाला हे वागणे आवडत नाही. धन्यवादित माणसाचे सगळेच आवडले पाहिजे असा नियम नाही.

१६८० पासून ते म्यून्स्टर येथे साहाय्यक बिशप होते. १६८३ मध्ये तिथल्या नव्या बिशपांची निवड पैशांच्या देवाणघेवाणीने होते आहे असे दिसताच त्यांनी उघड विरोध केला आणि शहर सोडून हॅम्बुर्ग गाठले. स्वतःची बिशपाची अंगठी आणि क्रूस विकून ते पैसे त्यांनी गरिबांना दिले. जुना झगा, कडक उपास, थंडीत उघड्या गाडीतून प्रवास. शेवटी शेवटी ते श्वेरीन गावी मोजक्या कॅथोलिकांचे साधे धर्मगुरू म्हणून राहिले आणि तिथेच पोटातल्या खड्यांच्या असह्य वेदनांनी ५ डिसेंबर १६८६ रोजी वारले. वय अवघे अठ्ठेचाळीस.

ग्रँड ड्यूक तिसरे कोसिमो यांनी त्यांचा देह फ्लॉरेन्सला आणवला आणि सान लोरेन्त्सो महामंदिरात पुरला. १८८१ मध्ये बोलोन्याला जगभरचे भूवैज्ञानिक जमले होते, ते त्यांच्या थडग्याशी जाऊन आदरांजली वाहून आले. २३ ऑक्टोबर १९८८ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले.

आपल्यापैकी कोणी नातेवाइकांकडे इटलीला गेलेच, तर त्या महामंदिरात जरूर जावे. आत शिरताच दोन्ही बाजूंना राखाडी दगडाचे उंच खांब दिसतात. फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरांतला हा दगड तिथले लोक पिएत्रा सेरेना या नावाने ओळखतात. खोल समुद्रातल्या लोंढ्यांनी आणलेला वालुकाश्म तो हाच, आणि स्टेनो यांची समाधी त्याच छताखाली आहे.